आईचा दुसरा कान

मु. पो. तेच जुनं घर
४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही ठीक. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण काही कमी-जास्त असतं तर भावोजींनी कळवलं असतंच. त्यांना नमस्कार. तुझ्या लेकाला खूप खूप आशीर्वाद. आता मिशा आल्या असतील, तेव्हा मावशीचे आशीर्वाद नको वाटत असतील, तरी दे.

फोन का नाही केला, असं तुला वाटेल. तू फोन उचलून "बोल" म्हणतेस ना, ते "बोल" असं असतं की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवते. पत्रात निदान तुझा आवाज ऐकू येत नाही. रागावू नकोस. आई गेल्यापासून आपलं बोलणं म्हणजे वाढदिवसाला दोन वाक्यं आणि दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्यांसारखी शांतता. तेव्हा पत्रच बरं.

बातम्या अशा. हे अजून डेपोतच आहेत, दिवसभर गाड्या सोडतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्या दिशांना माणसं पाठवायची आणि स्वतः सायकलवरून घरी यायचं. मी म्हटलं, एकदा तरी आपण बसू या की एखाद्या गाडीत. तर म्हणतात, "मी बसलो तर सोडणार कोण?"

मी अजून दातच करते. आमचे मालक म्हातारे झाले, पण नजर तीच, भिंगाखाली दात धरून असे बघतात की दातालाच लाज वाटावी. मला आता पुढचे दात देतात. पुढचे दात म्हणजे मोठा मान, तुला कळणार नाही. दाढ कशीही चालते, तिला कोण बघतं? पण पटाशीचा एक दात गेला आणि दुसरा शाबूत असला, की शाबूत दाताकडे बघून गेलेला करायचा. डाव्यावरून उजवा, उजव्यावरून डावा. आधी मेणात कोरायचा, मग साच्यात मेण वितळवून टाकायचं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा. वरून दातासारखं पोर्सलीन. एखादी बाई आरशात बघून हसते आणि तिला कळत नाही कुठला तिचा नि कुठला माझा, तेव्हा मी जिंकते. आमच्या कामात जिंकलं की कुणाला कळतच नाही.

हे सगळं का सांगते आहे? थांब, येते मुद्द्यावर.

आमच्या कारखान्याच्या शेजारी एक फ्रेमचं दुकान आहे. तिथे काचेत एक चित्र टांगलेलं असतं. कुणीतरी फ्रेम करायला दिलं आणि न्यायलाच आलं नाही. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना घरं, एक निळं दार. बस्स. पण ताई, मी गेली कितीतरी वर्षं कामावर जाताना तिथे थांबते. आईच्या नियमानं थांबते. आज नवीन काय दिसलं?

तुला आठवतंय ना? की विसरलीस? बाबांच्या ऑफिसातून आलेलं ते जहाज कंपनीचं कॅलेंडर. वर्ष संपलं तरी आईनं ते काढलं नाही. रविवारी दुपारी बाबा झोपले की आई पावडर लावायची, चांगले कपडे करायची, ती पानांची कानातली घालायची आणि म्हणायची, "चला, निघायचं." आपण घरात चपला घालून बसायचो! एरवी उंबऱ्याच्या आत चपला आणली तर पाठीत धपाटा. कॅलेंडरचं एक पान उघडायचं आणि तिघींनी त्यात उतरायचं. पण जिला चित्रात काही नवीन दिसलं नाही तिला उतरायला मिळायचं नाही, खेळातल्या गाडीतच बसून राहायचं. तू नेहमी पटकन सांगायचीस. "आई, त्या बाईच्या टोपलीत मांजर आहे." मी रडकुंडीला यायचे. मग आई हळूच डोळ्यानं खूण करायची, कुठे बघ ते.

आई कधीच कुठे गेली नाही. पण मला अजूनही वाटतं की आपण खूप हिंडलो.

तर त्या काचेतल्या चित्रानं मला नादाला लावलं. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या मेणाच्या मी पायऱ्या कोरायला लागले, नखाएवढ्या. मग एक दार. मग एक होडी. ते धातूत ओतले, कुणाला साखळीत अडकवून दिले, कुणाला पिनेवर लावून. मालकांनी एक दिवस भिंगाखाली माझी होडी धरली. मला वाटलं, आता गच्छंती. तर म्हणाले, "ही कुणाच्या तोंडात बसायची?" आणि परत दिली. वर म्हणाले, "वल्हं जाड झालंय."

आणि मग मी ते केलं, ज्यासाठी हे पत्र.

मी आईच्या कानातल्याची जोडी पूर्ण केली. आई गेल्यावर तू म्हणाली होतीस, "एक तू घे, एक मी घेते, म्हणजे कुणीच घालणार नाही." मग मीही हट्टानं एक उचललं. सोनं नव्हतं की काही नव्हतं. साधं धातूचं एका अंगाला झुकलेलं पान, टोकावर दवाच्या थेंबासारखा पांढरा मणी. आपण दोघींनी मिळून एक जोडी मोडली आणि दोन बिनकामाच्या वस्तू केल्या. माझं पान इतके दिवस डबीत पडून होतं. आता मी त्याच्याकडे बघून दुसरं केलं. थेंब पोर्सलीनचा आहे, म्हणजे खरं तर दाताचाच. कुणाला कळणार नाही.

सोबत फोटो पाठवते आहे. दोन्ही घालून. यांनी काढलाय, म्हणून डोकं थोडं कापलं गेलंय, पण कान पूर्ण आहेत.

आणखी एक. 'आठवणीचे दागिने' असं एक प्रदर्शन भरतं आहे, हौशी लोकांनी हातानं केलेल्या दागिन्यांचं. मी माझ्या पायऱ्या, दार, होडी आणि ही जोडी यांचे फोटो पाठवलेत. निवडतील न निवडतील. प्रदर्शन जरा लांबच्या गावी आहे.

माझी जोडी झाली, एवढंच कळवायचं होतं. तुझ्या पानाचं काय करायचं ते तुझं तू बघ.

भावोजींना पुन्हा नमस्कार.

तुझी धाकटी बहीण


मु. पो. तेच घर
९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पाकिटात घातलेली चापट. तुझ्यासाठी पुन्हा उतरवून ठेवते, म्हणजे तू काय लिहितेस ते तुलाही कळेल:

"फोटो मिळाला. तू बारीक झालीस. डाव्या कानातलं चुकलंय. आईची दोन्ही पानं एकाच बाजूला झुकलेली होती. दुकानदारानं दोन एकसारखी दिली होती आणि आईनं ती बदलून आणली नाहीत. तुझी दोन्ही गालाकडे बघतात. दात करून करून तुला सगळं जग आरशातलं दिसायला लागलंय."

मला इतका राग आला की मी ते पत्र यांना वाचून दाखवलं. हे पोळीचा घास हातात धरून म्हणाले, "ताई बरोबरच असणार."

"तुम्ही आईचे कान कधी बघितले होते?"

"नाही. पण ताईंना कधी चुकलेलं बघितलं नाही."

माझ्याच घरात तुझा माणूस!

मग मी आईचे फोटो काढले. बहुतेक फोटोंत एकच कान दिसतो. शेवटी तो एक सापडला, बाबांच्या निवृत्तीचा, ज्यात आई सरळ समोर बघते आहे आणि केस मागे बांधलेत. मी कारखान्यात नेऊन तो भिंगाखाली धरला. ताई, उजव्या कानातलं पान गालाकडे झुकलंय. आणि डाव्या कानातलं गालाकडे पाठ करून बाहेर. दोन्ही एकाच दिशेला. जसं काही एकच वारा दोघांवरून गेलाय.

रोज चित्रात नवीन काहीतरी शोधणारी मी, आईचा दुसरा कान कधी बघितलाच नाही! मग लक्षात आलं, बघणार कशी? रविवारी आई मध्ये बसायची, मी तिच्या उजव्या हाताला आणि तू डाव्या. माझी जागा ठरलेली, तुझी जागा ठरलेली. मला जन्मभर गालाकडे बघणारं पान दिसलं आणि तुला बाहेर बघणारं. मी एका कानावरून दुसरा केला, दातासारखा, आरशातला. दात तसेच असतात, ताई. एका ओळीत दोन उजवे सुळे कुणाला नसतात. आई तेवढी निघाली.

पण तू मागच्या बाजूला जे लिहिलं आहेस, ते मी यांना वाचून दाखवलं नाही.

तू घर सोडून निघालीस त्या दिवशी आई तुला म्हणाली, "माझं एक पान घरात बघतं, एक बाहेर. तशाच तुम्ही दोघी. तू बाहेरची." आणि तू लिहितेस, "म्हणून मी ते उचललं. बाहेरचं माझ्याकडे आहे, घरातलं तुझ्याकडे. भांडणापुरतं नव्हतं ते."

तू हे मला तेव्हा का नाही सांगितलंस? आणि आई हे मला का नाही कधी म्हणाली? मी विचारत नाही, नुसतं लिहिते आहे. आईच्या औषधांच्या वेळा मी सांभाळल्या, तिची नखं मी कापली, ते मला आवडायचं म्हणून. घरातली म्हणून नाही. मला कुणी नेमलं होतं, हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. मालकांनी माझी एक दाताची कॅप परत केली. म्हणाले, "हा दात चिडलेला दिसतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रेमच्या दुकानापाशी आले आणि थांबले, तर काचेत चित्र नाही. भिंतीवर नुसता खिळा. मी आत गेले. फ्रेमवाली म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांनी त्या गृहस्थांना आठवण झाली. काल घेऊन गेले. तुम्ही रोज बघायचात ना? मला वाटायचं, विकत मागाल."

मला कधी सुचलंच नाही विकत मागायचं. ते माझंच होतं ना, काचेतून.

खिळ्याकडे बघत उभी होते आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. ताई, नीट वाच. दुकानदारानं दोन एकसारखी दिली, हे तुझंच वाक्य. दोन्ही एका साच्यातली. मग बाहेर बघणारं कुठलं आणि घरात बघणारं कुठलं, ते तुला कसं कळलं? डबीत दोन्ही शेजारी पडलेली होती. त्यांच्यात काहीच फरक नाही. फरक पानात नाही, कानात आहे!

मी त्या दुकानातच, फ्रेमवालीच्या आरशासमोर, उजव्या कानातलं आईचं पान काढलं (डावं मी तुझ्या पत्रानंतर घातलंच नव्हतं) आणि डाव्या कानात घातलं. फिरकी लावली. बघितलं तर ते बाहेर बघत होतं. रस्त्याकडे. फ्रेमवाली म्हणाली, "दुसरं हरवलं का हो?"

मी म्हटलं, "नाही, सापडलं."

आता खरी बातमी. माझी निवड झाली. पायऱ्या, दार, होडी, सगळं घेऊन बोलावलंय. पत्र हातात घेऊन मी मालकांकडे गेले. रजा हवी म्हटलं, आणि तेही सांगितलं की निवडलेल्या जोडीतलं एक चुकीचं आहे. त्यांनी माझं ते आरशातलं पान बराच वेळ भिंगाखाली धरलं. म्हणाले, "चुकलेला दात तोंडात बसवायचा नसतो. पण इतका चांगला चुकलेला फेकायचाही नसतो." त्यांच्या टेबलाच्या खणात त्यांचे स्वतःचे चुकलेले दात आहेत, ताई, कापसात ठेवलेले! मला इतक्या वर्षांनी दाखवले.

म्हणून मी ठरवलंय. प्रदर्शनातल्या माझ्या काचेच्या पेटीत माझं चुकलेलं पान ठेवणार, शेजारी माझं खरं पान. तिसऱ्या पानाला एक जागा मोकळी ठेवणार.

मागच्या पत्रात 'जरा लांबच्या गावी' असं लिहिलं होतं. ते तुझं गाव आहे. तुझ्या घराच्या मागच्या रस्त्यावरचा टाउन हॉल. मी ते मुद्दामच लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "ये की," तुझ्या त्या "बोल"च्या आवाजात.

मी एकटी येते आहे. राहायला आयोजकांनी खोली दिली आहे, तेव्हा अंथरुणा-पांघरुणाची काळजी करू नकोस. एप्रिलचा तिसरा शनिवार आणि रविवार, दिवसभर. तू ये असं म्हणत नाही. पान आण असंही म्हणत नाही. जागा मोकळी राहिली तर लोकांना वाटेल मुद्दाम ठेवली आहे, आजकाल कलेत असं चालतं म्हणे.

नवीन काय दिसलं, असं आई आज विचारती तर मी तुझ्याआधी सांगितलं असतं. एवढं मात्र कबूल कर.

तुझी बहीण


सोमवार, दुपार

ताई गं,

काल संध्याकाळी तू मला गाडीत बसवून दिलंस आणि आज लगेच पत्र, तेव्हा घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. मी कुठे आहे ते शेवटी सांगते.

आधी ते लिहिते जे तू बघितलं नाहीस.

निघायच्या दिवशी हे स्वतः डेपोत माझ्या गाडीपाशी उभे. ड्रायव्हरला म्हणाले, "जपून, आत बाईसाहेब आहेत." शिट्टी वाजवली आणि गाडी हलल्यावर बाजूनं चालायला लागले. खिडकीतून मी ओरडले, "अहो, मागे व्हा, ही तुमचीच गाडी आहे!" आख्ख्या नोकरीत त्यांनी सोडलेली गाडी पहिल्यांदा त्यांनाच सोडवेना.

शनिवारी तू आली नाहीस. मी दिवसभर पेटीमागे उभी होते. बाकीच्यांच्या पेट्या भरलेल्या, चमचमणाऱ्या. माझ्या पेटीत नखाएवढ्या पायऱ्या, एक दार, एक होडी, दोन पानं आणि एक मोकळी जागा. माणसं मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारायची, "हे विकलं गेलं का?" मी दर वेळी दाराकडे बघून "नाही" म्हणायचे. संध्याकाळी खोलीवर गेले तेव्हा मला तुझ्या घराच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. तुझाच होता, मला पडदा ओळखीचा वाटला. मी जाऊन दार वाजवू शकले असते. तू येऊ शकली असतीस. आपण दोघी एकाच आईच्या.

रविवारी दुपारी, आईच्या वेळेला, मी खाली मान घालून काच पुसत होते. तेवढ्यात कानाशी आवाज आला, "सरक."

मी वर बघितलं तर तू. मी काहीतरी छान बोलायचं ठरवून ठेवलं होतं. ते सगळं गेलं आणि मी म्हटलं, "जाड झालीस."

"तू बारीक झालीस म्हणून मी वाटते. पेटी तिरकी लावलीय."

"पान आणलंस?"

"आणलंय." आणि तू केस मागे केलेस. तुझ्या कानात होतं ते.

"काढून दे ना. जागा ठेवलीय त्याला."

"नाही काढणार. फिरकी अडकलीय."

फिरकी अडकली नव्हती. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून कान लाल होतो. तेव्हाच मला ते दिसलं. मी तुला तिथे विचारलं, तरी पुन्हा लिहिते. तू ते उजव्या कानात घातलं होतंस.

"ताई, उजव्यात का? त्यात ते गालाकडे बघतं. घरात."

तू पेटीची काच पुसत राहिलीस, मी आधीच पुसलेली. मग म्हणालीस, "मला कुणी विचारलं होतं का, तुला बाहेर बघायचंय का म्हणून? आई म्हणाली बाहेरची, झाले बाहेरची. माझं सामान बांधून झालं होतं आणि तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस."

इतकी वर्षं मला वाटत होतं की तू मजेत निघून गेलीस. तुला वाटत होतं की मी मजेत मांडीवर राहिले. आणि दोघींनी एकेक पान डबीत घालून ठेवलं.

मग मी पेटी उघडली आणि माझं पान बाहेर काढलं. तू "अगं, प्रदर्शनातली वस्तू" म्हणत होतीस, पण मी ते डाव्या कानात घातलं. आता पेटीत पानांपैकी नुसतं चुकलेलं आणि दोन मोकळ्या जागा. आणि पेटीशेजारी आपण. एकीच्या उजव्या कानात गालाकडे बघणारं, एकीच्या डाव्या कानात बाहेर बघणारं. दोघींत मिळून एक बाई नीट सजली होती. ती कोण होती ते आपल्याला माहीत होतं, म्हणून आपण एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हॉलमध्ये तमाशा झाला असता.

आणि गर्दी! लोक पेटीत बघायचे, मग आपल्या कानांकडे, मग पुन्हा पेटीत. आणि तू सांगायला लागलीस. तू, जी फोनवर "बोल" म्हणून गप्प बसतेस! "ही माझी धाकटी, गोटी. दात करते. हे चुकलेलं आहे ना, ते बघा, किती सुरेख चुकलंय." मला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि असंही वाटलं की दुभंगू नये, आणखी थोडं ऐकू दे.

त्या एक बाहीचं बटण घेऊन आलेल्या आजोबांचं तू ऐकलंस. बायकोनं दिलेल्या दोन बटणांतलं एक राहिलेलं. "बाई, याचा जोडीदार करून द्याल?" मी हो म्हणायच्या आत तूच म्हणालीस, "आधी विचार त्यांना, दुसरं सारखं होतं की आरशातलं!" आजोबा गोंधळले, मग डोळे मिटून आठवायला लागले. त्यांना ते बटण लावणारे हात आठवले असणार. म्हणाले, "सारखं." त्यांच्यामागे अजून माणसं होती, आपण पेटी आवरायला लागलो तरी येत राहिली. कुणाचं एक कर्णफूल, कुणाची अर्धी बांगडी. या जगात किती जणांकडे एकच उरलेलं असतं, ताई. आणि सगळे ते जपून ठेवतात, फेकत कुणी नाही.

पहिलं बक्षीस आपल्याला नाही मिळालं. पण आयोजक व्यासपीठावरून म्हणाले, "लोक सर्वांत जास्त वेळ ज्या पेटीपाशी थांबले, ती पेटी," आणि माझ्याकडे बोट केलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी उभं राहून टाळ्या कोण वाजवत होतं ते मी बघितलं. मी पुढचे दात करते, मला जिंकून गप्प बसायची सवय आहे. काल पहिल्यांदा जिंकले आणि लोकांना कळलं. ते इतकं गोड असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मालकांना इथून तार करावीशी वाटली, पण आता तार कुठे असते. फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "बाहेर पाटीवर दातांच्या खाली लिहू या. एकट्या राहिलेल्या दागिन्याचा जोडीदार करून मिळेल. वल्ही मात्र बारीक कर."

आता मी कुठे आहे ते.

गाडीत बसवताना तू म्हणालीस, "आता सरळ घरी जाशील ना?" आणि मी हो म्हटलं. माझा कान लाल झाला असेल, पण अंधार होता. मी पुढच्याच थांब्यावर उतरले. तिथल्या धर्मशाळेसारख्या खोलीत रात्र काढली, सकाळी बंदराकडे गेले आणि पहिल्या सुटणाऱ्या लाँचमध्ये बसले. कुठे जाते ते विचारलंही नाही. यांना कळवलंय. म्हणाले, "कुठली गाडी?" म्हटलं, गाडी नाही, लाँच. मग म्हणाले, "वेळेत सुटली का?"

इथे पायऱ्या आहेत, ताई. चित्रातल्या नव्हेत, पण दगडाच्या, समुद्रापर्यंत जाणाऱ्या. निळं दार नाही, एक हिरवं आहे, त्याचा रंग उडालाय. दोरीवर कपडे वाळताहेत. माशांचा वास येतो, चित्रात तो कधी आला नव्हता. मी मधल्या पायरीवर बसून हे लिहिते आहे, आणि माझ्या पायात चपला आहेत, आणि कुणी धपाटा घालणार नाही.

आज नवीन काय दिसलं?

सांगते. त्या चित्रातल्या पायऱ्या मी कायम उतरत जाणाऱ्या बघितल्या. समुद्राकडे, लांब, बाहेर. इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की त्या वरही जातात. आत्ता एक बाई डोक्यावर टोपली घेऊन वर चढत गेली, घरी. तिच्या टोपलीत मांजर नव्हतं, मी बघितलं.

मी उद्या निघते. तू मे महिन्यात ये. लेकाला आण, भावोजींना आण, किंवा कुणालाच आणू नकोस. ते कॅलेंडर मी टाकलेलं नाही, आईच्या कपाटात गुंडाळून ठेवलंय. तुझं सगळं तिथेच आहे, तुला घरातली व्हायला कुणाला विचारायला नको. रविवारी दुपारी आपण चपला घालून बसू, कानातली घालू, आईची जागा मध्ये तशीच ठेवू.

फक्त या वेळी जागा बदलू. मी डावीकडे बसेन, तू उजवीकडे ये.

वाट बघते. घरी पोचल्यावर बघेन, आणि आत्ता इथूनही बघते आहे.

तुझी गोटी
मु. पो. बाहेर